चोर सोडून संन्याशाला

जुन्या गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. स्कॅनर जोडला जातो, पडद्यावर पी ०१३१ हा कोड येतो, खाली ‘ऑक्सिजन सेन्सर, व्होल्टेज कमी’ असं लिहिलेलं असतं, आणि तासाभरात जुना सेन्सर निघून नवा बसतो. दिवा विझतो. आठवडा जातो न जातो तोच पुन्हा तोच दिवा, तोच कोड. ह्यात सलत राहतं ते हे, की काढून फेकलेला सेन्सर अनेकदा धडधाकट असतो. एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन जास्त आहे, एवढंच तो सांगत होता आणि खरं सांगत होता. तो ऑक्सिजन आला कुठून, हे कुणी विचारलंच नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते जुन्या गाडीत ह्या एका भागाच्या वाट्याला जेवढं येतं तेवढं क्वचितच दुसऱ्या कुठल्या भागाच्या येत असेल. आणि उलटही घडतं. खरोखर थकलेला, आळसावलेला सेन्सर वर्षानुवर्षं कोड न टाकता पेट्रोल जाळत राहतो, गाडीचं ॲव्हरेज हळूहळू पडतं, आणि ते ‘गाडी जुनी झाली’ ह्या खात्यावर जमा होतं.

वस्तू तशी अंगठ्याएवढी. एक्झॉस्टच्या पाइपात आट्यांनी घट्ट बसलेली, बाहेर एकापासून चारपर्यंत वायरी. बॉशनं १९७६ साली तिचं उत्पादन सुरू केलं आणि व्होल्वोच्या २४० मालिकेत ती पहिल्यांदा बसली. आत एका टोकाला बंद असलेली सिरॅमिकची छोटी नळी असते, झिर्कोनियम डायऑक्साइडची, त्यात थोडं यिट्रियम ऑक्साइड. नळीच्या आतून-बाहेरून प्लॅटिनमचा अतिशय पातळ, सच्छिद्र थर. आतल्या बाजूला बाहेरची साधी हवा, बाहेरच्या बाजूला इंजिनाचा धूर. सिरॅमिक सुमारे ३५० अंश सेल्सियसपर्यंत तापलं, की ऑक्सिजनचे आयन त्यातून सरकू लागतात आणि दोन्ही बाजूंच्या ऑक्सिजनमध्ये जेवढा फरक, त्यानुसार व्होल्टेज तयार होतं. धुरात ऑक्सिजन जवळजवळ नसेल, म्हणजे मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) असेल, तर ०.८ ते ०.९ व्होल्ट. धुरात ऑक्सिजन उरला असेल, म्हणजे मिश्रण लीन (हवा जास्त) असेल, तर ०.१ ते ०.२. मधलं ०.४५ हे फक्त ओलांडायचं असतं, तिथं थांबायचं नसतं. बॅटरी नाही, बाहेरचा पुरवठा नाही, तापलेली माती स्वतःच वीज करते. इतक्या वर्षांनीही हे पाहताना आदर वाटतो.

ह्या व्होल्टेजचा चढउतार सरळ रेषेत होत नाही, हे आधी मनात पक्कं करून घ्यायला हवं. पेट्रोलच्या एका भागाला वजनानं १४.७ भाग हवा, ह्या एका बिंदूपाशी ते कड्यावरून पडल्यासारखं कोसळतं. म्हणून जुन्या धाटणीचा सेन्सर ‘किती रिच’ हे सांगू शकत नाही. ‘रिच की लीन’ एवढंच सांगतो. इंजिनाचा संगणक रिच ऐकून पेट्रोल थोडं कमी करतो, लगेच लीन ऐकू येतं, मग थोडं वाढवतो. हा झुलता कारभार चूक म्हणून घडत नाही, तो मुद्दाम घडवलेला आहे. एक्झॉस्टमध्ये पुढे बसवलेल्या, धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला दोन्ही लागतं: थोड्या लीन क्षणी कार्बन मोनॉक्साइड आणि न जळालेलं पेट्रोल जाळण्यासाठी ऑक्सिजन मिळतो, थोड्या रिच क्षणी नायट्रोजनच्या ऑक्साइडांचं विघटन होतं. सेन्सर झुलायचा थांबला किंवा मंद झुलू लागला, की कन्व्हर्टरची उपासमार सुरू होते.

सेन्सर ऑक्सिजन मोजतो. पेट्रोल मोजत नाही.

ही ओळ गॅरेजच्या भिंतीवर रंगवून ठेवावी असं मला मनापासून वाटतं. एक स्पार्क प्लग अधूनमधून पेटत नाही, गाडी मिसिंग करते, असं समजा. त्या सिलिंडरमधलं पेट्रोलही जळत नाही आणि हवाही जळत नाही. दोन्ही जसंच्या तसं एक्झॉस्टमध्ये येतं. सेन्सरला पेट्रोल दिसत नाही, त्याला हवेतला ऑक्सिजन दिसतो आणि तो प्रामाणिकपणे सांगतो, लीन. संगणक त्याच्यावर विश्वास ठेवून सगळ्याच सिलिंडरांत पेट्रोल वाढवतो. आता चांगल्या सिलिंडरांचे प्लग काळे होतात, धुराला कच्च्या पेट्रोलचा वास येतो, कन्व्हर्टर आतून लाल होईपर्यंत तापतो, आणि स्कॅनर मात्र लीनचा कोड दाखवत राहतो. नाकाला रिच कळतंय आणि पडद्यावर लीन दिसतंय, असा विरोध जिथं दिसेल तिथं पाना बाजूला ठेवून आधी प्लग, प्लगच्या वायरी, डिस्ट्रिब्यूटरची कॅप किंवा इग्निशन कॉइल तपासावी. अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवलं, तर जुन्या वायरींमधून निसटणाऱ्या बारीक निळ्या ठिणग्या उघड्या डोळ्यांना दिसतात.

दुसरा गुन्हेगार ह्याहून शांत. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गॅस्केटपाशी किंवा सेन्सरच्या आधीच्या जोडावर केसाएवढी फट असते. तिथून धूर बाहेर येतो हे सगळ्यांना कळतं. तिथून हवा आतही जाते हे लक्षात येत नाही. एक्झॉस्टमधला दाब सलग नसतो, ठोक्याठोक्यानं येतो, आणि दोन ठोक्यांच्या मध्ये क्षणभर दाब वातावरणापेक्षा खाली जातो. त्या क्षणी बाहेरची हवा फटीतून ओढली जाते आणि थेट सेन्सरच्या टोकावर पोचते. रिकाम्या फेऱ्यांवर, म्हणजे आयडलला, हे सर्वांत जास्त होतं. ओळखायची खूण कानाची आहे. सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर मॅनिफोल्डपाशी टिक्-टिक् असा कोरडा आवाज येतो आणि पाच-सात मिनिटांत धातू तापून फुगला, फट मिटली, की आवाज जातो. गॅस्केटच्या कडेला काजळीचा पंख्यासारखा पसरलेला डाग दिसला, तर आवाजाचीही गरज नाही. खात्री करायची तर थंड इंजिनावर व्हॅक्यूम क्लीनरची फुंकणारी बाजू सायलेन्सरच्या तोंडाला कापड गुंडाळून लावावी आणि जोडांवर साबणाचं पाणी शिंपडावं. बुडबुडे जागा दाखवतात.

तिसरी शक्यता अशी, की मिश्रण खरोखरच लीन आहे. इथं ओबीडी-२ (गाडीनं स्वतःचे दोष नोंदवण्याची प्रमाणित पद्धत, अमेरिकेत १९९६ पासून सक्तीची) असलेल्या गाड्यांत फ्युएल ट्रिम नावाची दोन आकड्यांची चीज फार उपयोगी पडते. शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म. आकडा अधिक असेल तर संगणक पेट्रोल वाढवतोय, उणे असेल तर कापतोय. दोन्हींची बेरीज अधिक-उणे दहा टक्क्यांच्या आत असेल तर जुन्या गाडीला बोल लावू नये. आयडलला अधिक वीस आणि मिनिटाला २५०० फेऱ्यांना अधिक चार-पाच, असं दिसलं तर इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत घेणाऱ्या वाटेवर, कुठंतरी हवा गळतेय: फाटका व्हॅक्यूम पाइप, इनटेक मॅनिफोल्डचं गॅस्केट, पीसीव्हीची (क्रँककेसमधली वाफ इनटेकमध्ये नेणारी) कडक होऊन चिरलेली नळी. फेरे वाढल्यावर तीच गळती एकूण हवेच्या मानानं नगण्य ठरते, म्हणून आकडा खाली येतो. उलट आयडलला सगळं बरं आणि चढावर, ओझ्याखाली आकडा वाढत जात असेल, तर पेट्रोल कमी पोचतंय: तुंबलेला फिल्टर, थकलेला पंप, किंवा हवा मोजणारा मास एअर फ्लो सेन्सर मळून कमी सांगतोय. एक सावधगिरी मात्र हवी. ज्या गाडीत हवा न मोजता इनटेक मॅनिफोल्डचा दाब मोजतात, तिथं बारीक गळती ट्रिममध्ये फारशी दिसत नाही. संगणकाला दाब वाढलेला दिसतो, तो त्या हिशेबानं पेट्रोल देतो आणि आयडल नुसतंच चढून बसतं.

हे सगळं झाल्यावरच सेन्सरकडे वळायचं.

साधन एकच हवं, दहा मेगओहम इनपुट असलेला डिजिटल मल्टिमीटर. काट्याचा जुना मीटर किंवा टेस्टलॅम्प सिग्नलच्या वायरीला लावू नये. सेन्सरकडून मिळणारा प्रवाह इतका क्षीण असतो, की दिवा तो गिळून टाकतो आणि संगणकाच्या आतलं काही बिघडण्याची भीती वेगळी. सिग्नलच्या वायरीवर ओहमचा मोडही वापरू नये, कारण त्या मोडमध्ये मीटर स्वतः आत वीज सोडतो. वायरीचे रंग ओळखता आले तर निम्मं काम होतं. बॉशच्या चार वायरींच्या सेन्सरमध्ये दोन पांढऱ्या हीटरच्या (सेन्सरला तापवणाऱ्या), काळी सिग्नलची, करडी सिग्नलच्या अर्थची. डेन्सो आणि एनटीकेच्या बऱ्याच सेन्सरांत दोन काळ्या हीटरच्या, निळी सिग्नलची आणि पांढरी अर्थची. म्हणजे एकाची काळी ती दुसऱ्याची नव्हे. रंगावर विसंबण्याआधी कंपनी पाहावी, आणि शक्य असेल तर त्या गाडीचा वायरिंगचा नकाशा.

कनेक्टर जोडलेलाच ठेवायचा आणि मागच्या बाजूनं, रबराच्या कडेनं, बारीक पिन सरकवून धातूला टेकवायची. वायरीच्या इन्सुलेशनला टाचणी टोचून मोजण्याची सवय अनेकांना असते. इथं ती मोडावीच लागते. सिरॅमिकच्या नळीच्या आतल्या बाजूला जी स्वच्छ हवा लागते, ती बऱ्याच सेन्सरांत वायरींच्या तांब्याच्या तारांमधल्या पोकळीतून, कनेक्टरपासून आत जाते. टोचलेल्या छिद्रातून पाणी आणि तेल त्याच वाटेनं आत शिरतं. ह्याच कारणासाठी ह्या वायरींना डाग देऊन जोड करत नाहीत. वितळलेलं शिसं-कथिल तारांमध्ये भरतं आणि सेन्सरचा श्वास कोंडतो. जोड करायचाच तर क्रिम्प करावा. कनेक्टरमध्ये ग्रीस भरणं किंवा क्लीनरचा फवारा मारणं, एरवी चांगल्या हेतूनं केलेल्या ह्या दोन्ही गोष्टी इथं घातक ठरतात.

इंजिन पूर्ण तापवावं, मग २००० ते २५०० फेऱ्यांवर दोन-तीन मिनिटं धरून ठेवावं, म्हणजे सेन्सरही तापतो. मीटर २ व्होल्टच्या रेंजवर. चांगला सेन्सर आता आकडे एका जागी ठरू देत नाही: ०.१८, ०.७४, ०.३१, ०.८२, असे ते पळत असतात. २५०० फेऱ्यांवर दहा सेकंदांत निदान आठ वेळा तरी ०.४५ ची वेस ओलांडली जायला हवी, आणि प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेल्या गाडीत वेग ह्याहून बराच जास्त असतो. संगणकाच्या ताब्यातल्या कार्ब्युरेटरच्या गाडीत मात्र सेकंदाला एखादाच हेलकावा मिळतो आणि तो त्या गाडीचा स्वभाव समजावा. मीटरवर किमान-कमाल नोंदवण्याची सोय असेल तर मिनिटभर चालू ठेवावी; कमाल ०.८ च्या वर आणि किमान ०.२ च्या खाली गेलं, तर सेन्सरची उंची शाबूत आहे. साधा मीटर सरासरी काढून दाखवतो, त्यामुळे वेगाबद्दल तो पूर्ण खरं बोलत नाही. ऑसिलोस्कोप मिळाला तर ०.३ पासून ०.६ पर्यंतची चढण शंभर मिलिसेकंदांच्या आत होते का, तेही पाहता येतं, आणि म्हातारा सेन्सर तिथं लपत नाही.

पण सगळ्यात मोलाची कसोटी पुढची आहे आणि तीच सर्वांत जास्त टाळली जाते. सेन्सर एकाच आकड्यावर अडकलेला दिसतोय, समजा ०.१५ वर. तो मेलाय, की खरंच लीन आहे? ह्याचं उत्तर कोडमध्ये नाही, किंमत मोजून आणलेल्या नव्या सेन्सरमध्येही नाही. ते मिळवायला मिश्रण आपण स्वतः बदलायचं. एअर फिल्टरच्या तोंडाशी प्रोपेनची नळी धरून गॅस थोडा थोडा सोडायचा, हवेशीर जागेत, ठिणगीपासून दूर, शेजारी अग्निशामक ठेवून. धुरातला ऑक्सिजन संपतो आणि चांगला सेन्सर पाहता पाहता ०.८ च्या पुढे झेपावतो. झेपावला, तर तो निर्दोष आहे. दोष गळतीत, मिसिंगमध्ये किंवा पेट्रोलच्या पुरवठ्यात शोधावा. आता उलट. सेन्सर ०.८५ वर चिकटलेला असेल, तर इनटेक मॅनिफोल्डचा एक व्हॅक्यूम पाइप ओढून काढावा. क्षणात आकडा ०.२ च्या खाली आपटला पाहिजे. आपटला, तर गळका इंजेक्टर, पेट्रोलच्या प्रेशर रेग्युलेटरचा फाटलेला डायफ्रॅम किंवा उघडा राहिलेला पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतली पेट्रोलची वाफ इनटेकमध्ये सोडणारा) ह्यांच्या मागे लागावं. रेग्युलेटरची व्हॅक्यूमची नळी काढून आत पेट्रोल ओलं लागतंय का, हे पाहायला मिनिटही लागत नाही. दोन्ही वेळा ढिम्म राहिला, तरच सेन्सरवर बोट ठेवायचं. आणि वर गेला पण रेंगाळत गेला, ०.६५ ला दमला, खाली येताना दोन-तीन सेकंद घेतले, तर तो थकलाय. कोड न टाकता पेट्रोल खाणारा तो हाच.

एक वाचन मात्र कुठल्याही कसोटीविना निकाल देतं: उणे व्होल्टेज. मीटरच्या तारा उलट नाहीत ह्याची खात्री केल्यावरही उणे ०.१ किंवा ०.२ दिसत असेल, तर आतली स्वच्छ हवा बिघडली आहे, सिरॅमिकला तडा गेलाय किंवा धूर आत शिरलाय. असा सेन्सर बदलावाच.

हीटरचं प्रकरण वेगळं आणि सोपं. हीटर असलेले सेन्सर बॉशनं १९८२ पासून आणले, कारण नुसत्या धुरावर तापायला सेन्सरला वेळ लागतो आणि लांबच्या आयडलला तो थंड पडून गप्प बसतो. चौकातल्या सिग्नलला बराच वेळ उभ्या गाडीत एक वायरीच्या सेन्सरचं झुलणं थांबलं, तर त्याला दोष देऊ नये. थोडी रेस देऊन तो जागा होतो का, ते पाहावं. हीटरवाल्या सेन्सरला पी ०१३५ हा हीटरच्या सर्किटचा कोड आला, तर कनेक्टर सोडवून सेन्सरच्या बाजूनं एकाच रंगाच्या दोन वायरींमध्ये ओहम मोजावेत. थंड असताना बहुतेकांचा आकडा साधारण ३ ते १५ ओहमच्या दरम्यान येतो. नेमका त्या मॉडेलच्या पुस्तकात पाहावा. अनंत आला तर हीटर तुटला. आकडा बरोबर असेल तर सेन्सरला हात न लावता हार्नेसच्या, म्हणजे गाडीकडून येणाऱ्या वायरींच्या, बाजूला वळावं. इंजिन चालू असताना एका पिनवर बॅटरीएवढे व्होल्ट हवेत. नसतील तर फ्यूज. आणि फ्यूज उडालेला असेल तर नुसता बदलून पुढे जाऊ नये. सेन्सरची वायर क्लिपमधून निसटून एक्झॉस्टला टेकते, इन्सुलेशन वितळतं, हीटरची वायर पाइपाला शॉर्ट होते. नवा फ्यूजही पहिल्या खड्ड्यात जातो. त्या वायरीवर बोट फिरवत कनेक्टरपर्यंत जावं, वितळलेला चकाकता ठिपका बोटाला लागतो.

अर्थिंगकडे तर फारच थोड्यांचं लक्ष जातं. एक आणि तीन वायरींच्या बहुतेक सेन्सरांची परतीची वाट म्हणजे त्याचं स्वतःचं लोखंडी अंग, तिथून पाइप, मॅनिफोल्ड, इंजिन, मग बॅटरीचं उणे टोक. वीस वर्षांच्या गाडीत ह्या वाटेवर प्रत्येक जोडाला गंज असतो. सेन्सरच्या षटकोनी अंगावर मीटरचं एक टोक आणि बॅटरीच्या उणे टोकावर दुसरं ठेवून, इंजिन चालू असताना, ०.०५ व्होल्टपेक्षा जास्त दिसायला नको. कुठं दिव्यांच्या किंवा अल्टरनेटरच्या सर्किटमध्ये ०.२ व्होल्ट इकडेतिकडे झाले तर काही बिघडत नाही; इथं सगळा सिग्नलच एका व्होल्टाच्या आत मावतो, त्यात ०.२ म्हणजे पाचवा हिस्सा. ब्रशनं घासलेली अर्थची पट्टी आणि घट्ट केलेला एक बोल्ट, एवढ्यावर ‘खराब’ सेन्सर बरा झालेला पाहिला की बदलण्याच्या घाईची चीड येते.

मागचा सेन्सर, म्हणजे कन्व्हर्टरनंतरचा, वेगळ्या नजरेनं पाहायचा. तो झुलायला नको. गरम इंजिनाला स्थिर वेगावर तो ०.६ ते ०.७ च्या आसपास संथ राहतो. पुढच्यासारखाच नाचू लागला तर कन्व्हर्टर थकल्याची ती खूण आहे, सेन्सर थकल्याची नव्हे, आणि पी ०४२० हा कन्व्हर्टर मंदावल्याचा कोड आल्यावर मागचा सेन्सर बदलणं हे ह्या लेखाच्या सुरुवातीच्या अन्यायाचं दुसरं रूप.

सेन्सर दोषी ठरलाच, तर काढताना घाई नको. गंज सोडवणारं तेल आदल्या रात्री आट्यांवर टाकावं. इंजिन हाताला सोसवेल इतपत कोमट करून, वायरीसाठी खाच असलेल्या २२ मिलिमीटरच्या सॉकेटनं, आधी किंचित घट्ट आणि मग सैल, असं मागेपुढे करत फिरवावा. इम्पॅक्ट गन लावली की आटे सेन्सरसोबत बाहेर येतात. बहुतेक गाड्यांत हे आटे १८ मिलिमीटरचे, दीडच्या पिचचे असतात. थोडे दुखावले असतील तर त्याच मापाचा टॅप हातानं फिरवून सावरता येतात.

काढलेल्या सेन्सरचं टोक कचऱ्यात टाकण्याआधी उजेडात नीट पाहावं. कोरडी, मऊ काजळी असेल तर मिश्रण बराच काळ रिच होतं. तपकिरी, चिकट थर असेल तर इंजिन तेल जाळतंय; तेलातलं फॉस्फरस आणि जस्त प्लॅटिनमवर बसतं. चकचकीत करडा रंग शिसंयुक्त पेट्रोलचा. आणि पांढरी, दाणेदार भुकटी असेल तर सिलिकॉन. ह्या शेवटच्याची वाट विचित्र आहे. कधीतरी टॅपेट कव्हर किंवा ऑइल पॅन बसवताना कुणी साधं सिलिकॉन सीलंट भरभरून लावलेलं असतं. त्याची वाफ क्रँककेसमधून पीसीव्हीच्या नळीनं इनटेकमध्ये जाते, जळते, आणि तिची काचेसारखी पुटं सेन्सरच्या छिद्रांवर चढतात. सीलंटचं काम महिन्याभरापूर्वीचं, सेन्सर आज मंदावला. दोघांचा संबंध कुणाच्या ध्यानात येत नाही. हेड गॅस्केटमधून कूलंट गळत असेल तरी त्यातल्या सिलिकेटमुळे असाच थर येतो. मूळ न शोधता नवा सेन्सर बसवला, तर त्याचंही तेच होणार.

टोक घासून, ॲसिडमध्ये बुडवून, वाळूचा मारा करून सेन्सर ‘साफ’ करू नये. प्लॅटिनमवरचं संरक्षक आवरण त्यात जातं. नुसती काजळी असेल तर ती सेन्सर पूर्ण तापला की आपोआप जळते, आणि विषबाधा असेल तर कुठल्याच उपायानं जात नाही.

नवा सेन्सर पाइपात जाईपर्यंत टोकावरचं टोपण काढू नये, आणि हातातून फरशीवर पडला तर वरून शाबूत दिसला तरी सिरॅमिकला तडा गेलेला असू शकतो. अँटी-सीझ पेस्ट फक्त आट्यांवर, तीही आधीपासून लावलेली नसेल तरच. टोकाला बोट लागलं तरी ती तिथं जळून बसते. घट्ट करायचं माप बहुतेक ठिकाणी ४० ते ६० न्यूटन-मीटर. वायर मूळ क्लिपांमध्ये, पाइपापासून दूर, पण ताणली न जाईल अशी. कापून जोडायचे सर्वांना-चालणारे सेन्सर मला पसंत नाहीत. हीटरची ताकद वेगळी निघते आणि चार जोड म्हणजे चार नवे संशयित.

मग संगणकाची आठवण पुसावी, म्हणजे जुन्या खोट्या साक्षीवरून शिकलेले ट्रिमचे आकडे जातात. जुन्या, ओबीडी-२ च्या आधीच्या गाडीत त्यासाठी बॅटरीचं उणे टोक थोडा वेळ सोडलं तरी बहुधा पुरतं. थंडपासून पूर्ण गरम होईपर्यंत, शहरात आणि मोकळ्या रस्त्यावर, दोन्हीकडे गाडी चालवून लाँग टर्म ट्रिम पुन्हा पाहावी. ती शून्याकडे सरकली तर सेन्सर खरोखर दोषी होता. पुन्हा अधिक पंधरा-वीसकडे चढू लागली, तर चोर अजून मोकळा आहे. गाडीच्या वहीत त्याच दिवशी किलोमीटर, थंड हीटरचे ओहम, कमाल आणि किमान व्होल्ट, दहा सेकंदांतले हेलकावे आणि आयडलची व २५०० फेऱ्यांची ट्रिम लिहून ठेवावी. हीटर नसलेला सेन्सर साधारण ५० ते ८० हजार किलोमीटरांना आणि हीटरवाला लाखाच्या आसपास थकतो. तेव्हा कमाल ०.८४ चं ०.६८ झालंय का, हे ह्या नोंदींशी ताडून पाहता येतं.